कान दुखतोय की कानाजवळचं काही? थेंब टाकण्याआधीची तपासणी

कान ठणकायला लागला की बहुतेक जण दोनांपैकी एक गोष्ट करतात. कापसाची काडी आत फिरवतात, नाहीतर घरात उरलेल्या बाटलीतले थेंब टाकतात. दुखणं कुठून येतंय हे ठरायच्या आधीच उपचार उरकलेला असतो. मग तीन दिवसांनी "थेंब टाकूनही फरक नाही" अशी तक्रार सुरू होते. फरक पडणार कसा? दाढ किडलेली, आणि थेंब कानात.

मोठ्या माणसांत कानदुखीचं मूळ अनेकदा कानाच्या बाहेर असतं. कानाला संवेदना देणाऱ्या नसा त्याच, ज्या जबडा, दात, घसा आणि मानेचा वरचा भाग यांनाही जोडलेल्या आहेत. त्यामुळे दुखणं एकीकडचं असतं आणि जाणवतं कानात. लहान मुलांत मात्र कान दुखतो म्हटलं की बहुधा कानच असतो, त्यातही सर्दीनंतर. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. क्रम चुकला की निष्कर्षही चुकतो.

## तयारी

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत: बॅटरी, आरसा, थर्मामीटर, धातूचा चमचा, कागद-पेन आणि कानामागे बघायला दुसरा माणूस. हात साबणाने धुवा.

कापसाची काडी, कानकोरणं, पिन, मेणबत्ती यांतलं काहीही जवळ घेऊ नका. या तपासणीत कानाच्या भोकात काहीच घालायचं नाही.

वेदनाशामक गोळी घेतली असेल तर वेळ लिहून ठेवा. गोळीचा अंमल असताना दाबून दुखत नाही, आणि "तिथे काही नाही" असा चुकीचा समज होतो. सहन होत असेल तर आधी तपासा, मग गोळी घ्या. मूल रडून बेजार असेल तर मात्र आधी औषध द्या.

## पायरी १: आधी धोक्याच्या खुणा

यातलं काहीही दिसलं तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

- कानामागचं हाड सुजलंय, लाल झालंय, किंवा कान पुढे ढकलल्यासारखा दिसतोय. मधल्या, म्हणजे पडद्यामागच्या कानातला संसर्ग मागच्या हाडात उतरल्याची ही खूण आहे.
- चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटते, डोळा पूर्ण मिटत नाही. सोबत कानावर किंवा भोकात पाण्याचे फोड असतील तर ती कानाची नागीण. विषाणूविरोधी औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर उपयोग जास्त.
- मधुमेह आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे, आणि कानात रात्री झोपू न देणारा ठणका आहे. कानाच्या नळीतला संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो. बाहेरून कान फारसा वाईट दिसत नाही, म्हणून इथे हमखास उशीर होतो.
- जोराची चक्कर, अचानक ऐकू येणं कमी होणं, मान आखडणं, तापासोबत गुंगी.
- वय पन्नाशीच्या पुढे, कानशिलाला स्पर्श सहन होत नाही, चावताना जबडा भरून येतो, नजर धूसर होते. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज असेल तर दृष्टी कायमची जाऊ शकते.
- तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा आणि जड झालाय. टॉन्सिलमागे पू साठलेला असू शकतो.
- कान-जबड्यातल्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप. हे कानाचं नाही, हृदयाचं समजून तातडीच्या विभागात जा.
- मुलाच्या कानात बटण-बॅटरी गेली असेल किंवा तशी नुसती शंका असेल. काही तासांत आतली कातडी जळते. थेंब किंवा पाणी अजिबात घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी काहीच करून बघायचं नाही.

## पायरी २: एका बोटाने जागा दाखवा

"सगळा कानच दुखतो" हे उत्तर चालवून घेऊ नका. तर्जनीचं टोक ठेवून सर्वांत जास्त दुखणारी एकच जागा दाखवायची: भोकाच्या आत, कानाच्या पुढे, मागच्या हाडावर, पाळीच्या खाली, की कानाच्या बाहेरच्या कडेवर. पंजा पसरून अर्धा चेहरा दाखवला जात असेल तर कारण कानाबाहेरचं असण्याची शक्यता वाढते.

मग चार गोष्टी कागदावर लिहा:

1. सुरुवात कशानंतर झाली? सर्दी, पोहणं, कान कोरणं, विमानप्रवास, दाढेचं काम, मार.
2. कधी वाढतं? चावताना, गिळताना, मान वळवताना, आडवं झाल्यावर, सकाळी उठल्यावर.
3. दुखणं कसं आहे? ठणका, सतत जडपणा, की क्षणभराची सणक.
4. सोबत काय आहे? ताप, स्राव, खाज, दडे बसणं, ऐकू कमी येणं.

## पायरी ३: सहा चाचण्या, चांगल्या बाजूपासून

प्रत्येक चाचणी आधी न दुखणाऱ्या बाजूला करा. नेहमीचं कसं वाटतं हे कळल्याशिवाय दुखऱ्या बाजूचं मोजमाप होत नाही. मुलांत तर पहिलाच स्पर्श दुखला की पुढची तपासणी संपलीच.

चाचणी १, नजर. कानाची कड, पाळी, मागची घडी, केसांखालची कातडी बॅटरीने बघा. फोड, लाली, जखम, स्राव आहे का? पाळी सोडून वरचा कूर्चेचा भाग लाल आणि गरम असेल, विशेषतः तिथे नुकतंच टोचलेलं असेल, तर संसर्ग कूर्चेत आहे. त्याला मलम पुरत नाही. लवकर प्रतिजैविक मिळालं नाही तर कानाचा आकार बिघडतो.

चाचणी २, ओढणं आणि दाबणं. कान हळूच वर-मागे ओढा. मग भोकाच्या तोंडाशी, गालाच्या बाजूला असलेला कूर्चेचा छोटा उंचवटा आत दाबा. कळ उठली तर बाहेरच्या नळीचा, म्हणजे भोकापासून पडद्यापर्यंतच्या भागाचा संसर्ग जवळपास नक्की. मधल्या कानाच्या दुखण्यात असं ओढून सहसा फरक पडत नाही. घरी करता येण्यासारखी यापेक्षा उपयोगी चाचणी नाही, आणि हीच सर्रास वगळली जाते.

चाचणी ३, मागचं हाड. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बाजूंची कानामागची हाडं एकाच वेळी दाबा. हाडच दुखत असेल तर पायरी १ कडे परत. हाताला लहान, सरकणारी गाठ लागली तर ती लसिकाग्रंथी, जवळपास संसर्ग असला की सुजणारी. मग डोक्याच्या कातडीवर फोड, जखम, उवा आहेत का ते बघा.

चाचणी ४, जबडा. दोन्ही तर्जन्या त्या उंचवट्यांच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाखाली सांधा सरकतो. तिथे दुखतं का, जबडा एका बाजूला वळतो का? नंतर तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांवर ठेवून पुढच्या दातांच्या मध्ये घालून बघा. तीन बोटं मावायला हवीत. नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही, तर त्याची काळजी नको. तो अनेकांच्या जबड्यात असतो.

चाचणी ५, दात आणि घसा. चमच्याच्या दांड्याने मागच्या दाढा एकेक करून हलकेच ठोका, खालच्या दाढा आधी. एखादी वेगळी दुखते का? गार पाण्याने कळ येऊन रेंगाळते का? मग घोट गिळा. कळ कानापर्यंत गेली तर बॅटरीने टॉन्सिल आणि जिभेच्या कडा बघा. चट्टा, व्रण, सूज शोधा.

चाचणी ६, मान आणि चेहरा. मान दोन्ही बाजूंना वळवा आणि झुकवा. डोळे घट्ट मिटा, कपाळाला आठ्या घाला, दात दाखवा. दोन्ही बाजू सारख्या हलायला हव्यात.

थांबा, एवढं पडताळा: दोन चाचण्या दुखल्या तर जास्त जोरात दुखली ती धरा. एकही दुखली नाही, सर्दी आहे आणि दडे बसलेत, तर मधला कान धरून चाला.

## पायरी ४: निष्कर्ष जुळवा

### ओढून दुखतं: बाहेरची नळी

पाण्याने मऊ पडलेल्या कातडीवर काडी फिरली की ओरखडा पडतो आणि जंतू आत शिरतात. आधी खाज, मग ठणका, मग पातळ स्राव, असा क्रम. सूज वाढली की नळी बंद होते आणि ऐकू कमी येतं. इथे कानात टाकायचं औषधच खरं काम करतं. गोळ्यांची गरज क्वचित. नळी इतकी सुजली असेल की थेंब आत उतरतच नाहीत, तर डॉक्टर औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवतात. अशा वेळी घरी थेंब ओतत राहणं व्यर्थ आहे.

खाज फार, दुखणं कमी आणि आत पांढरा किंवा काळसर थर दिसत असेल तर बुरशीचा संशय घ्या. उरलेले प्रतिजैविक आणि स्टेरॉइडचे थेंब टाकल्याने ही बुरशी उलट फोफावते. आधी साफसफाई, मग बुरशीनाशक, हा तिथला क्रम, आणि ती साफसफाई डॉक्टरनेच करायची.

मळ स्वतः फारसा दुखत नाही. काडीने तो आत ठासला जातो, वर आंघोळीचं पाणी गेलं की फुगतो, आणि मग कान गच्च होतो.

### सर्दीनंतर आतून ठणका: मधला कान

नाकामागून कानाला जाणारी नळी सर्दीत बंद होते, आत द्रव साठतो, पडद्यावर ताण येतो. आडवं झाल्यावर ठणका वाढतो, म्हणून मुलं रात्री उठून रडतात. अचानक पू वाहू लागला आणि दुखणं थांबलं, तर पडद्याला छिद्र पडलंय. दुखणं थांबलं म्हणून डॉक्टरकडे जाणं टाळू नका. ही छिद्रं बहुतेक वेळा आपोआप भरतात, पण तपासून खात्री करावी लागते.

सगळ्यांना प्रतिजैविक लागत नाही. दोन वर्षांपुढचं, एरवी ठणठणीत, एकाच कानाचं हलकं दुखणं असलेलं मूल वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस बघता येतं, तेही डॉक्टरच्या सल्ल्याने. सहा महिन्यांखालचं बाळ, दोन्ही कान, ३९ अंशांवर ताप किंवा वाहणारा कान असेल तर वाट बघायची नाही.

### कानाच्या पुढे: जबड्याचा सांधा

हा सर्वांत जास्त चुकणारा निदानाचा भाग. सांधा कानाच्या नळीला इतका खेटून आहे की माणूस शपथेवर सांगतो, आतच दुखतंय. चावताना, जांभई देताना किंवा सकाळी उठल्यावर जास्त, ताप नाही, ऐकू नीट येतंय, असं असेल तर संशय पक्का करा. झोपेत दात खाणं, दिवसभर दात आवळून बसणं आणि एकाच बाजूने चावणं ही नेहमीची कारणं.

दोन आठवडे हे करा:

1. मऊ अन्न, लहान घास. च्युइंगगम बंद.
2. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. कामात असताना दात आवळले जातायत का, हे दर तासाला आठवून बघा.
3. कोमट ओला शेक, १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीनदा. कापड आधी मनगटाला लावून बघा.
4. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड फार उघडणार नाही.

पहिल्या आठवड्यात तोंड ताणून उघडण्याचे व्यायाम करू नका. दुखऱ्या सांध्याला ताण दिला की स्नायू आणखी आखडतात. दोन आठवड्यांत उतार नसेल तर दंतवैद्याकडे जा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर दातांवर बसणारी पट्टी बनवून घेता येते.

### खालच्या दाढा आणि अक्कलदाढ

ठोकून एकच दाढ दुखते, गार-गरम सहन होत नाही, आडवं झाल्यावर ठणका चढतो. कान पूर्ण साफ. दंतवैद्य आणि एक्स-रे, मधे दुसरं काही नको. दाढेपाशी लवंग ठेवा, थेंब टाका असल्या उपायांनी वेदना थोडी दबते आणि पू आतल्या आत पसरत राहतो.

### पाळीखाली आणि गालाच्या मागे: लाळग्रंथी

सूज येऊन पाळी वर उचलल्यासारखी दिसत असेल तर गालफुगी किंवा ग्रंथीचा जंतुसंसर्ग. जेवायला बसलं की फुगते आणि तासाभरात उतरते, असं असेल तर लाळेच्या नळीत खडा अडकलेला असू शकतो.

### मागे, मानेकडे

मान वळवून दुखत असेल तर मानेचे वरचे सांधे आणि स्नायू. डोक्याच्या मागून कानामागे विजेसारखी सणक येत असेल तर तिथली नस. कानात सणक गिळताना उठते आणि काही सेकंदांत जाते, असं असेल तर घशाच्या नसेचं दुखणं. या सणकींवर नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत, औषध वेगळं असतं.

### काहीच सापडत नाही

मोठ्या माणसाचा एकच कान तीन आठवड्यांहून जास्त दुखतोय, कानात काही दिसत नाही. तंबाखू किंवा दारूची सवय असेल, गिळताना अडतं, आवाज बसलाय, मानेत गाठ आहे, वजन उतरतंय, तर जिभेचं मूळ, टॉन्सिल आणि स्वरयंत्राभोवतीचा भाग तपासायलाच हवा. तिथल्या कर्करोगाची पहिली तक्रार कधी कधी नुसती कानदुखी असते.

## पायरी ५: पहिले दोन दिवस

वेदनाशामक ठरलेल्या वेळी द्या, रडण्याची वाट बघून नको. पॅरासिटामॉल मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तास, २४ तासांत जास्तीत जास्त चार मात्रा. म्हणजे १२ किलोच्या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम. चूक होते ती सिरपच्या तीव्रतेत. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर ७.५ मिलिलिटर, २५० मिलिग्रॅम असेल तर साधारण ३.६ मिलिलिटर. बाटली बदलली की हिशेब पुन्हा करा. चमच्याने नको, सिरिंजने मोजा.

मोठ्यांना ५०० ते १००० मिलिग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा आजार, रोजचं मद्यपान किंवा वजन ५० किलोच्या खाली असेल तर मर्यादा कमी, ती डॉक्टरला विचारा. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. १६ वर्षांखाली ॲस्पिरिन देऊ नका.

कान कोरडा ठेवा. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा भोकाच्या तोंडाशी ठेवा आणि नंतर काढून टाका. पोहणं बंद. उशी एकावर एक घेऊन डोकं वर ठेवा. नाक शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, हलक्या हाताने.

सावध: गरम तेल, लसूण घालून उकळलेलं तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही आत टाकू नका. पडद्याला छिद्र आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. अपवाद एक. कानात जिवंत किडा फडफडत असेल आणि कान कधी वाहिलेला नसेल, तर कोमट नव्हे, साधं खोलीच्या तापमानाचं तेल काही थेंब टाकून तो मारता येतो. बाहेर काढायचं काम डॉक्टरचं. कानात बी किंवा डाळीचा दाणा गेला असेल तर पाणी घालू नका, फुगून घट्ट बसतो.

## पायरी ६: थेंब दिलेच असतील तर असे टाका

1. बाटली मुठीत दोन मिनिटं धरा. गार थेंबांनी आतला समतोलाचा भाग चाळवतो आणि गरगरतं.
2. दुखरा कान वर करून कुशीवर झोपा. बसून टाकलेले थेंब बाहेर येतात.
3. बाहेर आलेला स्राव कापडाने पुसा. आत पुसू नका.
4. मोठ्यांचा कान वर-मागे ओढा, तीन वर्षांखालच्या मुलाचा खाली-मागे. नळी सरळ होते.
5. बाटलीचं टोक कुठेही न टेकवता, लिहून दिलेत तेवढेच थेंब नळीच्या भिंतीवरून सोडा. थेट मधे सोडले तर हवा अडकते आणि औषध वरच थांबतं.
6. समोरचा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबा.
7. पाच मिनिटं तसंच पडून राहा.

पडताळा: घशात कडू चव उतरली तर औषध पडद्यापलीकडे गेलंय, म्हणजे छिद्र आहे. थेंब थांबवा आणि डॉक्टरला कळवा. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब छिद्रातून आतल्या कानाला इजा करू शकतात. दुसऱ्याला दिलेली किंवा मागच्या वर्षीची बाटली वापरायची नाही, त्याचं हे सर्वांत मोठं कारण.

बाहेरच्या नळीच्या संसर्गात ४८ ते ७२ तासांत ठणका उतरायला लागतो. उतरला म्हणून थेंब मधेच बंद करू नका, साधारण ७ ते १० दिवसांचा जो क्रम दिलाय तो पुरा करा. ७२ तासांत काहीच फरक नाही, तर परत जा. बुरशी, बंद नळी किंवा चुकलेलं निदान, तिन्हींतलं एक असतं.

## पायरी ७: डॉक्टरकडे जाताना

जाण्याच्या दिवशी सकाळी कानात तेल किंवा मळ काढायचे थेंब टाकू नका, पडदा नीट दिसत नाही. पायरी २ चा कागद, वापरलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या आणि शेवटच्या वेदनाशामकाची वेळ सोबत न्या. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, कानाची जुनी शस्त्रक्रिया, कधी काळी वाहिलेला कान, हे विचारण्याआधीच सांगा. कान धुऊन घ्यायची वेळ आली तर या माहितीवरच ते करायचं की नाही हे ठरतं.

कान तपासून "कानात काही नाही" असं उत्तर मिळालं तर त्यावर घरी परतू नका. दाढा, जबड्याचा सांधा, मान यांपैकी कोणत्या चाचणीत दुखलं ते सांगा, आणि दुखणं तीन आठवड्यांपेक्षा जुनं असेल तर नाकातून दुर्बीण घालून घसा बघून द्यायला सांगा. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि भूल द्यावी लागत नाही, नाकात बधिर करणारा फवारा पुरतो.